पाहुणा आणि बावीस पायऱ्या

बाबांना लेकीनं एक महिना दिला होता. महिन्याभरात कुत्रा दारावर आलेल्या माणसाची वर्दी द्यायला शिकला, तर बाबांनी आपल्या घरात खुशाल राहावं. नाही शिकला, तर मुकाट्यानं कपडे भरून तिच्याकडे नवव्या मजल्यावर यावं आणि मग चकार शब्द काढायचा नाही. बाबा कबूल झाले. कबूल न होऊन सांगतात कोणाला? लेक त्यांच्यावरच गेली होती. एकदा ठरवलं की ठरवलं.

तसं तिचंही चुकत नव्हतं म्हणा. मागे एकदा ती याच दारात पाऊण तास उभी होती. घंटी दाबून बोट दुखलं, दार बडवून हात सुजला, शेवटी कुलूपवाल्याला आणून कुलूप तोडलं. आत बघते तर बाबा दाराकडे पाठ करून, स्टुलावर पाय टाकून शब्दकोडं सोडवताहेत आणि गॅसवर दुधाचं पातेलं जळून काळंठिक्कर. "बरी आलीस," ते म्हणाले, "चार अक्षरी फूल सांग." लेक मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. बाबांना वाटलं, कुलूपवाल्याशी काही भांडण झालं असेल.

बाबांचे कान गिरणीनं खाल्ले होते. छत्तीस वर्षं विणाईखात्यात काढलेली. एका छपराखाली शेकडो माग धडधडायचे, तिथं कान शाबूत राहिले असते तरच नवल. लेकीनं कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यातून माणसं सोडून सगळं ऐकू यायचं: भांडी, पाणी, स्वतःचं चघळणं. ते खणात गेलं. मग तिनं घंटीला दिवा जोडून घेतला. दिव्याकडे पाठ असली की तो बिचारा काय करणार. बाबांचं स्वतःचं म्हणणं विचाराल, तर त्यांचं काही अडत नव्हतं. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं बरोबर उचलायचे, आणि उरलेलं हातांच्या खुणांनी. खात्यात सगळे तसंच बोलायचे.

म्हणून मग कुत्रा. रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्यांची एक संस्था होती, तिथं बापलेक गेले. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे, आणि पन्नासेक कुत्री अशी भुंकत होती की बाबांनासुद्धा ते छातीत जाणवलं. लेकीनं कानांत बोटं घातली. शेवटच्या पिंजऱ्यात मात्र एक मातकट रंगाचा कुत्रा पोट वर करून ढाराढूर झोपला होता. बाबा तिथं थबकले ते थबकलेच. जेवणाच्या सुट्टीत, बाजूला निम्मे माग चालू असताना, कापडाच्या गठ्ठ्यांवर ते स्वतः असेच झोपायचे. असल्या कल्लोळात ज्याला झोप लागते तो गडी मनाचा पक्का, अशी गिरणीतली समजूत.

"हा," बाबा म्हणाले.

"बाबा, तो उठलासुद्धा नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

संस्थेतल्या बाईनं सांगितलं की याला आणून चारच दिवस झालेत, स्वभाव नीट कळलेला नाही, पण चावरा वाटत नाही. पुढं काय ते ऐकायला बाबा थांबले नाहीत. सह्या झाल्या.

घरी आल्या आल्या त्यानं पलंगाखालचा कोपरा धरला. लेकीनं आणलेली जाडजूड मऊ गादी एकदा हुंगली, तिला बगल दिली आणि उघड्या फळ्यांवर पसरला, हनुवटी अगदी जमिनीला टेकवून. घर जुनं, सगळं लाकडी. जमीन फळ्यांची, खालून वर येणारा जिना फळ्यांचा, बावीस पायऱ्या आणि मध्ये दोन वळणं. "पाहुणा आहे," बाबा म्हणाले, "रुळेल हळूहळू." तेच नाव पडलं.

संस्थेतल्या बाईनं एक कागद लिहून दिला होता. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, थोडं थोडं खायला द्या. टक लावून बघू नका. पाठ करून बसा. वीस मिनिटांत नाही खाल्लं तर वाटी उचला. बाबा म्हणजे कागदात लिहिलं असेल तर अक्षर न् अक्षर पाळणारे. उकडलेलं चिकन मऊ भातात कालवून त्यांनी वाटी पलंगाच्या कडेला ठेवली आणि स्वतः पाठ करून फतकल मारून बसले. पहिल्या दिवशी वाटी भरलेली उचलली. दुसऱ्या दिवशी तेच. वाटी तिथंच राहू द्या ना, उपाशी मरेल तो, असं लेकीनं फोनवर लिहून पाठवलं. "कागदात नाही," बाबांनी उलट लिहिलं आणि मनातून ते तिच्यापेक्षा जास्त घाबरलेले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीस मिनिटांनी वळून बघतात तर वाटी चकाचक, आणि पाहुणा पुन्हा कोपऱ्यात, जसा काही तो जागचा हललाच नाही. बाबांचे डोळे भरून आले. घरात आपल्याशिवाय दुसरं कोणी जेवलं, याला किती वर्षं झाली होती.

मग दर तीन तासांनी पट्टा लावून खाली, पुन्हा वर. दोनदा चटईवर तळं झालं, ते बाबांनी निमूटपणे पुसलं. गिरणीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात कोणी रागवत नसे. त्याचा हात आधीच कापत असतो.

सहाव्या दिवशी मात्र घोटाळा झाला. पाहुणा खिडकीकडे तोंड करून झोपला होता आणि बाबांनी मागून येऊन कौतुकानं पाठीवर हात ठेवला. तो असा ताडकन उसळला की दात मनगटाला घासून गेले, आणि मग स्वतःच भेदरून भिंतीला चिकटला, लटलट कापत. रक्त आलं नव्हतं. बाबांनी स्वतःलाच शिवी हासडली. विणाईखात्याचा पहिला नियम काय, तर काम करणाऱ्याला मागून हात लावायचा नाही. तो दचकला की त्याची बोटं मागात जातात. आधी लांबून पाय आपटायचा, मग समोरून जायचं. छत्तीस वर्षं पाळलेला नियम घरच्या घरी विसरायचा म्हणजे कमाल झाली. त्या दिवसापासून बाबा लांबूनच दोनदा पाय आपटायचे, पाहुणा मान उचलून बघायचा, मग ते समोर जायचे. पुन्हा तो कधी दचकला नाही.

शिकवणंही बाबांना जसं येत होतं तसंच. उघडा पंजा म्हणजे थांब. तळवा खाली दाबला की बस. छातीवर दोन बोटं म्हणजे इकडे ये. अंगठा ओठाला लावला की खात्यात चहा, इथं जेवण. खिशात उकडलेल्या अंड्याचे वाटाण्याएवढे तुकडे असायचे. बरोबर केलं की त्याच क्षणी एक, कारण उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं ते कुत्र्याला कळत नाही, असं कागदात होतं. पाहुणा बाबांच्या हातांवरची नजर काढायचा नाही. आठ दिवसांत चार खुणा त्यानं पक्क्या केल्या.

"अर्ध्या खुणेत समजतो," बाबांनी लेकीला सांगितलं. "आमच्याकडे नव्या माणसाला वर्ष लागायचं."

लेकीनं डोळ्यांनी पाहिलं आणि तीही थक्क झाली. ती याच घरात वाढलेली. आई आणि बाबा दोघंही गिरणीतले, लहानपणी तिलाही जेवायला अशाच खुणेनं बोलवायचे. त्यामुळे आजवर या कुत्र्याला कोणी एकदाही तोंडानं हाक मारलेली नाही, हे ना बापाच्या ध्यानात आलं, ना लेकीच्या.

आता राहिलं दार. दूधवाला रोज सकाळी सातला यायचा. बाबा पाहुण्याला घेऊन दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे, दार उघडायचे, दूध घ्यायचे, पाहुण्याला तुकडा द्यायचे. मग खुर्ची रोज एक हात मागे. पंधराव्या दिवशी बाबा थेट स्वयंपाकघरात उभे होते. पाहुणा आला, ओलं नाक त्यांच्या गुडघ्याला लावलं आणि दाराकडे चालू लागला. बाबांनी दार उघडलं, तर दूधवाला अजून वरच्या वळणावर. बाबांनी खिशातलं सगळं अंडं त्याला देऊन टाकलं. "घंटीच्या आधी सांगतो," त्यांनी लेकीला कळवलं. "पैज मी जिंकली."

चौथ्या आठवड्यात इंजेक्शन होतं. लेक गाडी घेऊन आली, दोघं त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, हात मोठे मायाळू. तपासता तपासता तिच्या सहायकाच्या हातून मागं एक स्टीलचा ट्रे पडला. लेक केवढ्यानं दचकली. पाहुणा बाबांच्या हाताकडेच बघत होता. डॉक्टरनं त्याच्या डोक्यामागे टाळी वाजवली. मग शिट्टी. मग तिनं बाबांना ओठ दिसतील असं समोर येऊन सावकाश सांगितलं, "याला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. बहुतेक जन्मापासूनच."

बाबांना आधी हसू फुटलं. ते हसतच सुटले, पोट धरून. लेक हसली नाही.

"पन्नास कुत्री होती तिथं," गाडीत बसल्यावर ती त्यांच्याकडे वळून म्हणाली. "पन्नासांतून तुम्ही नेमका बहिरा उचललात."

"दूधवाल्याची वर्दी देतो तो."

"दूधवाला सातला येतो, बाबा. त्याला वेळेची सवय झालीय. मी भर दुपारी येऊन दारात उभी राहिले तर? एका घरात दोघं बहिरे आणि गॅस चालू. मी कशी निर्धास्त राहू, तुम्हीच सांगा."

ठरलं होतं ते ठरलं होतं. रविवारी महिना भरत होता. अकरा वाजता संस्थेतली बाई येऊन पाहुण्याला परत नेईल आणि बाबा लेकीबरोबर जातील. तिच्या इमारतीत कुत्री चालत नव्हती. बाबांनी दोन दिवस तिच्या एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही. एकट्यानं बसून ते कुढत राहिले. रागावायचं तरी कोणावर? निवड त्यांची स्वतःची होती, आणि लेकीचा मुद्दा खोडून काढता येत नव्हता. सातचा दूधवाला ही सवयही असू शकते. पण सवय असेल तर असेल, हा जीव पुन्हा त्या पिंजऱ्यात जाणार, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास बाबा शेंगा सोलत बसले होते. पाहुणा नेहमीसारखा फळ्यांवर आडवा, हनुवटी जमिनीला. एकाएकी त्याचे डोळे उघडले. कान हलले नाहीत, मानही हलली नाही, नुसते डोळे. मग तो उठला, नाक बाबांच्या गुडघ्याला लावलं आणि दाराशी जाऊन उभा राहिला. तीन वाजता दूधवाल्याचं काय काम? बाबांनी दार उघडलं. जिना रिकामा. म्हणजे लेक खरी ठरली, असं मनाशी म्हणत ते दार लोटणार, तोच खालच्या वळणावर कपड्यांचं गाठोडं दिसलं, आणि गाठोड्याखाली इस्त्रीवाला.

इस्त्रीवाला वर येऊन टेकतो न टेकतो तोच बाबांनी त्याला हातानं थोपवलं. खाली जा आणि पुन्हा ये, म्हणाले. म्हाताऱ्याला उन्हाचा त्रास झाला असावा असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, पण भला माणूस, गेला. बाबा गुडघे कुरकुरत खाली बसले, मग आडवेच झाले आणि पाहुण्याशेजारी गाल फळीला लावला.

आधी काहीच नाही. मग जबड्याच्या हाडात एक हलका ठोका आला. मग दुसरा. मग ठोके नीट एकामागोमाग यायला लागले, प्रत्येक ठोका आधीच्याहून जरासा जड. मध्येच लय मोडली; ते पहिलं वळण. पाहुण्याचे डोळे बाबांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते आणि तो शांतपणे बघत होता, जशी काही त्याला ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती आणि म्हाताऱ्यालाच उशीर झाला होता. बाबांनी गाल आणखी घट्ट फळीला दाबला.

कारण हे त्यांना येत होतं. खात्यात त्यांच्याकडे सोळा माग होते आणि त्यातल्या कुठल्याचा सूत वाहून नेणारा धोटा अडखळतोय, ते बाबांना जमिनीतून, तळपायांनी कळायचं. सगळ्या पट्टीच्या विणकरांना कळायचं. म्हणून ते अनवाणी काम करायचे. गिरणी बंद झाली, गुडघे धरले, लेकीनं जाड रबरी सपाता आणून दिल्या आणि तेरा वर्षांत बाबांचा तळपाय या घरातल्या फळीला लागला नव्हता. आपले कान गेले म्हणून ते वर्षानुवर्षं तक्रार न करता बसून होते, आणि पाय आहेत हे एका मुक्या जनावरानं येऊन सांगावं लागलं. त्या जनावराला तर आवाज म्हणजे काय हेही कधी कळलं नव्हतं. तरी त्यानं महिन्याच्या आत अख्खं घर हनुवटीनं वाचून काढलं होतं.

बाबांनी सपाता काढून कोपऱ्यात भिरकावल्या.

शुक्रवार आणि शनिवार दोघांनी जमिनीवर बसून काढले. पाहुणा डोळे उघडायचा, बाबा तळवे टेकवून वाट बघायचे. खालच्या सुताराचा रंधा सुरू झाला की फळ्यांना बारीक शिरशिरी यायची. रस्त्यावरून जड गाडी गेली की ती भिंतीकडून यायची. शेजारचा नळ सुटला तरी कळायचं, पण पाहुण्याला आधी, बाबांना बऱ्याच उशिरानं. चाळीस मोजेपर्यंत बाबांना काही जाणवायचं नाही आणि हा दाराशी जाऊन उभा. बाबा त्याच्याकडे बघायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "अरे, तू आहेस तरी कोण?" पाहुणा त्यांच्या हाताकडे बघायचा, हात काही सांगतोय का म्हणून.

रविवारी सकाळी दहाला बाबा अनवाणी खुर्चीत बसले होते. लेकीला त्यांनी काही कळवलं नव्हतं. कळवून ती मानली नसती. पाहुणा उठला, गुडघ्याला नाक लावलं, दाराकडे गेला. बाबा मागोमाग गेले आणि उभे राहिले. थोड्या वेळानं तळपायांत ठोके आले. हलके, झपाझप. लेकच. तिची लगबगीची चाल बाबांनी डोळ्यांनी आयुष्यभर पाहिली होती, पायांनी आज पहिल्यांदा कळली. पहिलं वळण गेलं. दुसरं आलं.

आणि ठोके थांबले.

बाबा वाट बघत राहिले. पाहुणा दाराशी तसाच उभा, शेपटी स्थिर. एक मिनिट गेलं, दोन गेली. घसरली की काय? चक्कर आली? पण पडली असती तर धक्का कळला असता. बाबांनी कडीला हात घातला. मग ठोके पुन्हा सुरू झाले, अगदी सावकाश, एकेक पायरी जड. शेवटच्या पायरीला बाबांनी दार उघडलं. लेकीचं बोट घंटीपासून चार अंगुळं लांब होतं.

ती बघतच राहिली.

"दुसऱ्या वळणावर का थांबलीस?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

बाबांनी पाहुण्याकडे बोट दाखवलं, मग आपल्या उघड्या पायांकडे, मग फळ्यांकडे. लेक गिरणीतल्यांचीच मुलगी, तिला दोनदा सांगावं लागलं नाही. तिनं कुत्र्याकडे पाहिलं आणि ती तिथंच, सगळ्यात वरच्या पायरीवर बसली.

"मी दर वेळी थांबते तिथं," ती म्हणाली. बाबांना ओठ नीट दिसावेत म्हणून तिनं चेहरा वर केला होता आणि तो चेहरा ओला होता. "कुलूप तोडलं त्या दिवसापासून. वर येऊन घंटी वाजवायची, आणि दार उघडेपर्यंत मला वाटत राहतं की आज बाबा गेले. तेवढं सोसायची ताकद गोळा करते. मग उरलेल्या पायऱ्या चढते."

बाबा तिला हुकूमशहा समजत होते. यंत्र, दिवा, कुत्रा, नववा मजला: सगळा तिचा हट्ट. आपली लेक जिन्यात उभी राहून इतकी घाबरते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, याची त्यांना लाज वाटली. ते गुडघे धरत तिच्या शेजारी बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, समोरून, तिला दिसेल असा.

पाहुणा दोघांच्या मधे घुसला आणि हनुवटी पायरीवर टेकवून पडला. जरा वेळानं त्याचे डोळे उघडले. त्यानं नाक बाबांच्या गुडघ्याला लावलं.

"कोणीतरी येतंय," बाबा म्हणाले.

"मला नाही काही ऐकू आलं."

"येईल."

लेक कान देऊन बसली. बऱ्याच वेळानं, अगदी तळाच्या पायरीवर, बूट वाजले. तिनं पाहुण्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. खालच्या वळणावर संस्थेतली बाई दिसली. ती वेळेआधीच आली होती, हातात पट्टा आणि कागद, चढून धाप लागलेली.

लेकीनं डोळे पुसले आणि वरूनच तिला सांगितलं, "तुम्हाला उगाच चढायला लागलं. कुत्रा इथंच राहणार आहे. बाबाही इथंच."

बाई कठडा धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. बाबांनी लेकीच्या दंडाला हात लावला, ती वळेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी वळणावर थांबू नकोस. सरळ वर ये. आम्ही दोघं दारात असू."